झाकायच्या आधी बघा: घराचं काम बिघडवणाऱ्या गुत्तेदाराशी कसं वागायचं

मिरगाचा पहिला दणका बसतो आणि दोन महिन्यांपूर्वी कोबा (गळती थांबवायचा विटांच्या तुकड्यांचा थर) केलेल्या स्लॅबखाली पातेली मांडायची वेळ येते. गुत्तेदाराला फोन लावला तर तो आधी उचलत नाही, मग "येतो मालक, सोमवारी येतो" म्हणतो, आणि असे चार सोमवार गेले की नंबर बंद लागतो. त्याला शेवटचा हप्ता कधीच पोचलेला असतो.

मराठवाड्यात घराचं बहुतेक काम गुढीपाडवा ते मिरग या काळात उरकलं जातं आणि पाण्याची टंचाई नेमकी तेव्हाच असते. सिमेंटला पाणी हवं तेव्हा टँकर आठ दिवसांनी येतो. त्यात वास्तुशांतीची तारीख ठरलेली, पत्रिका वाटलेल्या. बिघडलेल्या कामांतली बरीच या घाईत बिघडतात, काही अडाणीपणाने आणि काही ठरवून. तिन्हींची खूण वेगळी असते. ती ओळखता आली नाही तर माणूस ज्याची चूक नाही त्याच्याशी भांडतो आणि ज्याची आहे तो सुटतो.

घराच्या कामात प्रत्येक थर पुढच्या थराखाली झाकला जातो. पाईप गिलाव्याखाली जातो, गिलावा पुट्टीखाली, पुट्टी रंगाखाली. वॉटरप्रूफिंग फरशीखाली जातं. वाईट काम लपवायला वेगळं काही करावंच लागत नाही, पुढचं काम लवकर सुरू केलं की झालं. म्हणून हप्ते दिवसांवर किंवा "अर्धं काम झालं" अशा अंदाजावर बांधू नका. प्रत्येक थर झाकायच्या आधी तपासा आणि तपासल्यावरच पैसे द्या.

रोजाने, मजुरीच्या गुत्त्याने की मालासकट

काम देण्याच्या तीन पद्धती आहेत. रोजाने म्हणजे मिस्त्री आणि बिगारी यांची हजेरी तुम्ही देणार. मजुरीचा गुत्ता म्हणजे माल तुमचा आणि मजुरी चौरस फुटाने किंवा ठोक. मालासकट गुत्त्यात सगळं त्याचं.

रोजाने काम दिलं की घाई नसते, पण काम संपतही नाही. शिवाय बिघडलं तर जबाबदारी कुणाची हे दाखवणं अवघड जातं. ग्राहक संरक्षण कायद्याने 'व्यक्तिगत सेवेचा करार' सेवेच्या व्याख्येबाहेर ठेवला आहे. तुमच्या हुकमाखाली रोजावर काम करणारा माणूस त्यात मोडतो असा मुद्दा समोरून येऊ शकतो. गुत्त्याने दिलेलं काम सरळ सेवेत बसतं. मजुरीच्या गुत्त्यात गुत्तेदाराची ठरलेली ढाल म्हणजे "मालच हलका आणला मालकांनी". मालासकट गुत्त्यात तो माल स्वतःच हलका वापरतो. छोट्या दुरुस्तीला मजुरीचा गुत्ता बरा. पण सिमेंट, वाळू, पाईप आला की मिस्त्रीला दाखवून "माल बघितला, चालतो" एवढं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. ढाल तिथेच गळून पडते.

कागदावर काय असावं

वकिली भाषेची गरज नाही. ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर मराठीत दोन पानं पुरतात. त्यात गुत्तेदाराचं पूर्ण नाव, राहता पत्ता, आधारची प्रत, कामाचं माप, दर, मुदत आणि हप्ते लिहा. यापेक्षा मोलाचा असतो मालाचा तपशील. "चांगल्या कंपनीचा पाईप" असं लिहिलं तर ते न लिहिल्यासारखंच आहे. "गरम पाण्याला सीपीव्हीसी, आयएसआय शिक्का, पाऊण इंची" असं लिहा. "वॉटरप्रूफिंग करणे" याचाही उपयोग नाही. विटांच्या तुकड्यांचा कोबा किती इंचाचा, उतार किती, कडेचा गोल वाटा (गच्ची आणि कठडा मिळतात त्या कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई) किती, वर कोणतं रसायन आणि त्याचे किती हात, हे लिहा.

मापाचा घोळ हा बेबनावाचा सगळ्यात नेहमीचा उगम. आपल्याकडे 'ब्रास' दोन अर्थाने चालतो. वाळू-खडीत ब्रास म्हणजे १०० घनफूट, फरशी-स्लॅबच्या मजुरीत ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. कोणता ते लिहा. वाळूची ट्रॉली आली की आतून लांबी, रुंदी आणि वाळूची उंची फुटात मोजा, तिन्हींचा गुणाकार करून १०० ने भागा. "एक ब्रास" म्हणून आलेली ट्रॉली कधीकधी ८० घनफुटांचीच भरते. गिलाव्याच्या मापात दार-खिडकीची वजावट करायची का, कडांचं माप वेगळं धरायचं का, हेही आधीच ठरवा. शेवटी ठरवायला गेलात तर भांडण ठरलेलं.

पाणी कुणी आणायचं आणि मारायचं कुणी, हेही लिहा. आपल्याकडे "पाणी मालकाचं" हा रिवाज आहे आणि भेग पडली की "तुम्ही पाणीच मारलं नाही" हा पहिला बचाव असतो. पाणी तुम्ही मारणार असाल तर रोज एक फोटो काढून त्यालाच पाठवत जा.

तो बिलात १८ टक्के जीएसटी लावत असेल तर १५ अक्षरी नंबर मागा आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासा. नंबर नसलेल्याला कर लावता येत नाही.

उचल आणि हप्ते

निम्मी रक्कम उचल म्हणून मागणारा बऱ्याचदा मागच्या गिऱ्हाइकाचं अडलेलं काम तुमच्या पैशावर उरकत असतो. त्याच्यानंतर तुमचं काम पुढच्याच्या उचलीवर चालतं. ही साखळी कुठेतरी तुटते, आणि तुटते तेव्हा ज्याचं काम चालू असतं तो बुडतो.

बाथरूमच्या नूतनीकरणाचे हप्ते असे ठेवता येतात: सुरुवातीला १० टक्के, तोडफोड होऊन नवे पाईप बसले आणि दाबाची चाचणी झाली की २०, वॉटरप्रूफिंगवर पाणी साठवून पाहिलं की २५, फरशी आणि भिंतीच्या टाइल्स झाल्या की २५, नळ-भांडी बसून सगळं चालू झालं की १०, आणि उरलेले १० टक्के तीन महिन्यांनी. गच्चीचं काम असेल तर ते १० टक्के एक पावसाळा उलटल्यावर. पैसे यूपीआय किंवा चेकने द्या. रोख द्यावेच लागले तर वहीत तारखेसह सही घ्या.

दुसरी बाजूही आहे. चार गुत्तेदारांचे भाव मागवून सगळ्यात कमी भाववाल्याला आणखी घासणारा मालक आपल्या गिलाव्यातलं सिमेंट स्वतःच काढून घेत असतो. भाव बाजाराच्या खूप खाली असेल तर फरक कुठून निघणार हे उघड आहे.

गिलावा: पोत्यांचा हिशेब

चोरी पकडायचं सगळ्यात सोपं साधन म्हणजे रिकामी पोती. १०० चौरस फूट भिंतीला १२ मिमी जाडीचा गिलावा १:६ प्रमाणात (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) करायला साधारण पाऊण पोतं सिमेंट लागतं, १:४ ला एक पोतं. म्हणजे आतल्या हजार चौरस फुटांना १:६ ने सात-आठ पोती गेली पाहिजेत आणि वाळू अर्ध्या ब्रासहून थोडी जास्त. चारच पोती रिकामी दिसली तर प्रमाण कागदावर काहीही असलं तरी भिंतीत १:१० च्या पुढचं मिश्रण आहे. रिकामी पोती काम संपेपर्यंत फेकू देऊ नका. मालासकट गुत्ता असेल तर ही अट कागदातच घाला.

प्रमाण घमेल्याने मोजतात आणि घमेली लहानमोठी असतात. ५० किलोच्या पोत्यात साधारण ३५ लिटर सिमेंट असतं. ४० × ३५ × २५ सेंटीमीटरचा लाकडी फर्मा बरोबर ३५ लिटरचा होतो. सुताराकडून एक करून घ्या. एक पोतं, सहा फर्मे वाळू, झालं १:६. आतल्या भिंतीला हे चालतं, बाहेरच्या भिंतीला आणि छताला १:४ धरा.

पोत्यावर कोणत्या आठवड्यात माल भरला ते छापलेलं असतं. तीन महिन्यांहून जुनं सिमेंट घेऊ नका. नदीच्या वाळूत माती किती हे पाहायला काचेच्या बरणीत अर्धी वाळू, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवा आणि तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या साधारण ८ टक्क्यांहून जास्त असेल तर वाळू धुवून घ्या किंवा परत पाठवा. क्रश सँड म्हणजे दगड फोडून केलेली वाळू असेल तर गिलाव्याची धुतलेली मागा. नुसती डस्ट म्हणजे दगडाचा भुगा ओतून "हीच क्रश" म्हणणारे भरपूर आहेत. डस्टच्या गिलाव्यावर जाळीदार भेगा येतात.

भिंतीजवळ उभं राहून तीन गोष्टी बघा. एक, गिलाव्याआधी वीट भिजवली का. कोरडी वीट गिलाव्यातलं पाणी ओढून घेते आणि गिलावा पुढे पोकळ वाजतो. दोन, मळलेला माल अर्ध्या तासात संपतो का. जेवणाआधी मळलेला ढीग जेवणानंतर पाणी शिंपडून परत चालवला तर त्यातलं सिमेंट आधीच धरायला लागलेलं असतं, पकड येत नाही. तीन, कॉलम-बीम आणि विटांच्या सांध्यावर कोंबडीजाळीची पट्टी मारली का. दोन्हीकडे किमान सहा-सहा इंच पसरेल एवढी रुंद हवी. जाळी न मारता केलेल्या कामात सांध्यावर सरळ रेषेत भेग येते, आणि ती पूर्णपणे मिस्त्रीची चूक असते.

काम झाल्यावर खिळ्याने ओरखडा. पाणी नीट मुरलेल्या गिलाव्यावर पांढरी रेघ उमटते, हलक्या गिलाव्यातून वाळू गळते. लाकडी ठोकळ्याने ठोकून पोकळ जागी खडूने गोल करा आणि फोटो घ्या. सहा फुटी सरळ ॲल्युमिनियमची पट्टी टेकवून तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर पुट्टीवाला ती तुमच्या खर्चाने भरणार आहे.

पाणी मारणं

बाजारातलं बहुतेक सिमेंट राखमिश्रित म्हणजे पीपीसी असतं. अशा सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस ओल हवी, आणि कडक उन्हाळ्यात १४ दिवस धरावेत. आयएस ४५६ या भारतीय मानकाचंही हेच सांगणं आहे. गिलाव्याला सात दिवस तरी हवेतच. दिवसातून एकदा पाईप फिरवणं म्हणजे पाणी मारणं नव्हे, कारण मे महिन्याच्या उन्हात तासाभरात भिंत कोरडी होते. स्लॅबवर मातीचे वाफे करून पाणी कोंडा, कॉलमला ओलं बारदान गुंडाळा. पाण्याची सोय नसेल तर काम पुढे ढकला. टँकरचे पैसे वाचवून केलेला स्लॅब पुढे दरवर्षी पैसे मागतो.

खारट बोअरचं पाणी बांधकामात घातलं तर भिंतीवर पांढरा खार फुटतो आणि लोखंड गंजतं. पिण्याजोगं पाणी बांधकामाला चालतं, एवढा ठोकताळा पुरे. पाणी जास्त झालं तरी ताकद जाते. १:१.५:३ च्या (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटला एका पोत्यामागे ३० लिटरच्या आसपास पाणी लागतं. मिक्सरमधून ताकासारखा माल उतरत असेल तर काम थांबवा.

मजला चढवत असाल तर सळईच्या रिंगा स्वतः बघा. रिंगेची टोकं १३५ अंशात आत वळलेली हवीत. काटकोनात दुमडून सोडलेली रिंग धक्क्यात उघडते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात चिखलात बांधलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यावरची माळवदं कोसळून हजारो माणसं गेली. त्या पट्ट्यात राहून रिंगेच्या वळणात कसूर करू नये. जुन्या घराचा पाया मजला झेलतो का, हे मिस्त्रीने सांगायचं नसतं. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्या.

गच्ची गळते का

गच्चीचं काम कसं झालं हे पाणी साठवूनच कळतं. पन्हाळी बंद करून दोन इंच पाणी ४८ तास ठेवायचं आणि खालून छत बघायचं. हजार चौरस फुटांच्या गच्चीला यासाठी साधारण ४७०० लिटर पाणी लागतं, म्हणजे पाच हजार लिटरचा जवळजवळ अख्खा टँकर. गुत्तेदार "कशाला मालक, पाऊस पडला की कळतंच" म्हणतो ते याच खर्चाकडे बोट दाखवून. पाऊस पडेपर्यंत त्याचा हप्ता गेलेला असतो. टँकरचा खर्च कुणाचा ते आधी लिहा आणि चाचणी कराच. तेच पाणी कोब्यात मुरतं, वाया जात नाही.

उतार १०० ला १ तरी हवा. २० फूट लांबीवर सव्वादोन ते अडीच इंचांचा फरक पडला पाहिजे. लेव्हल नळीने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) पाच मिनिटांत मोजता येतो. गळती बहुतेक वेळा मोकळ्या पृष्ठभागातून होत नाही. ती कठड्याच्या सांध्यातून, पन्हाळीच्या तोंडाशी आणि पाईप स्लॅबमधून आरपार जातो तिथे होते. म्हणून कडेने गोल वाटा आहे का आणि रसायन कठड्यावर फूटभर चढवलं का, ते बघा. जुन्या, धुळकट, ओलसर कोब्यावर नुसता रासायनिक रंग फासून "दहा वर्षांची गॅरंटी" देणाऱ्यांचा थर उन्हाळ्यात पापुद्र्यासारखा सुटतो. गॅरंटी कागदावर कुणाच्या सहीने आहे आणि कशाची आहे ते वाचा. बऱ्याचदा ती डब्यातल्या मालाची असते, कामाची नसते.

बाथरूम आणि फरशी

भिंतीत पाईप झाकण्याआधी दाबाची चाचणी करून घ्या. सगळी तोंडं बंद करून हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब द्यायचा आणि तासभर काटा बघायचा. काटा उतरला तर कुठेतरी सांधा सुटलाय. सीपीव्हीसी पाईपला साध्या पीव्हीसीचं सोल्युशन लावणं ही नेहमीची लबाडी, कारण ते स्वस्त पडतं. गरम पाणी सुरू झालं की सांधा ढिला होतो. सोल्युशनचा डबा स्वतः वाचा.

नहाणीच्या ट्रॅपमध्ये (सांडपाणी जातं त्या जाळीखालच्या भांड्यात) दोन इंच पाणी उभं राहिलं पाहिजे, नाहीतर वास येणारच. बादलीभर पाणी ओतून ते ट्रॅपकडे जातं की दाराकडे, हे फरशी जोडण्याआधी बघा. जोडल्यावर बघून काय उपयोग?

व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे सिमेंटच्या नुसत्या राबड्याला धरून राहत नाही. भिंतीवर ती टाइल ॲढेसिव्हने बसवावी लागते. मागे पाच ढेपा चिकटवून बसवलेली टाइल वाजवली की पोकळ बोलते आणि बादली आपटली की फुटते. बसवताना एखादी टाइल उचलून पाहा, मागची बाजू बहुतेक सगळी भरलेली दिसली पाहिजे. खोक्यावरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे का ते बघा. दहा टक्के जास्तीच्या टाइल्स आणा आणि उरलेल्या ठेवून द्या, नंतर ती शेड मिळत नाही.

वीज आणि रंग, थोडक्यात

दिव्यांना १.५, पॉवर पॉइंटला २.५ आणि गिझर-एसीला ४ चौरस मिमीची तांब्याची वायर लागते. माप आणि आयएसआय शिक्का वायरवरच छापलेला असतो. टोक खरवडलं आणि आतून चंदेरी दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असू शकतं. अर्थिंगशिवाय पॉइंट घेऊ नका आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवाच. उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून खड्ड्यात अधूनमधून पाणी घालत जा. काम परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराकडून करून घेतलं तर त्याचा टेस्ट रिपोर्ट महावितरणच्या नव्या जोडणीलाही लागतो.

नव्या गिलाव्यावर महिनाभर तरी रंग लावू नये. ओल आतच अडकली की रंग फुगतो. डब्यावर एका लिटरला किती चौरस फूट ते छापलेलं असतं. तुमच्या भिंतींच्या मापाला त्याने भागा आणि रिकामे डबे मोजा. पेंटर ठरावीक रंगाचा आग्रह का धरतो याचं उत्तर कधीकधी डब्यातल्या टोकनात (कंपनी पेंटरला देते त्या बक्षिसाच्या चिठ्ठीत) असतं. टोकन त्याने घ्यावं, पण रंग कोणता हे तुम्ही ठरवा.

भेग कुणाची

गुत्तेदारावर तुटून पडण्याआधी हे बघा, कारण मराठवाड्यात सगळ्यात जास्त अन्याय इथे होतो. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पायाचं घर दरवर्षी थोडं वर-खाली होतं. त्याची भेग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघते, भिंतीच्या आरपार असते, उन्हाळ्यात उघडते आणि पावसाळ्यात मिटते. गिलावा खरवडून परत केला तरी ती त्याच जागी येते. ही चूक पायाची आहे, गिलावावाल्याची नाही.

जाळीसारख्या बारीक भेगा गिलाव्याच्या किंवा पाणी न मारल्याच्या. सांध्यावरची सरळ भेग जाळी न मारल्याची. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत खार फुटला असेल तर ओल जमिनीतून चढते आहे, जोत्यावर ओलरोधक थर नाही. तिरकी भेग आहे अशी शंका आली तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ आणि तारीख लिहा, आणि भेगेवर काचेची अरुंद पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने दोन्हीकडे चिकटवा. महिन्या-दोन महिन्यांत काच तडकली तर भेग हलते आहे. मग गवंडी नको, इंजिनिअर बोलवा. घराभोवती तीन-चार फुटांचा पक्का उतार करून पावसाचं पाणी पायापासून लांब घालवलं आणि भिंतीलगतची झाडं काढली तर हालचाल बरीच कमी होते.

बिघडलंच तर

पहिलं काम, पुढचा थर थांबवा आणि पुढचा हप्ताही. पण तोंडी नको, त्याच दिवशी मेसेजने कारण कळवा. दुसरं काम म्हणजे मोजमाप. फोटोत पट्टी किंवा टेप दिसू द्या, आधी लांबून आणि मग जवळून घ्या. तोडफोड करून दुरुस्ती लगेच करून घेऊ नका, पुरावा तिथेच संपतो. पाणी गळतच असेल तर तात्पुरतं झाका.

तिसरं, तिऱ्हाईत मत घ्या. कामाशी संबंध नसलेल्या सिव्हिल इंजिनिअरकडून लेखी अहवाल घ्या, त्यात काय चुकलं, का चुकलं आणि दुरुस्तीला किती खर्च येईल ते लिहून घ्या. दोन शेजाऱ्यांच्या सह्यांचा साधा पंचनामाही ठेवा. काँक्रीटबद्दल शंका असेल तर अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा फी घेऊन चाचण्या करून देतात.

मग पत्र. रागाचा एकही शब्द नको, फक्त तारखा आणि मागणी:

"दि. … च्या कराराप्रमाणे आपण माझ्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग केले. दि. … रोजी ४८ तास पाणी साठवून पाहिले असता स्वयंपाकघराच्या छताला व जिन्याच्या भिंतीला ओल आली. फोटो सोबत आहेत. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत काम विनामोबदला दुरुस्त करून पुन्हा चाचणी दाखवावी. तसे न झाल्यास काम दुसऱ्याकडून करून घेऊन खर्च राखीव रकमेतून वळता केला जाईल व उरलेला खर्च कायदेशीर मार्गाने वसूल केला जाईल."

स्पीड पोस्टने पाठवा, पोच जपा, फोटो काढून व्हॉट्सॲपवरही टाका. बरेच गुत्तेदार इथेच परत येतात. आल्यावर त्याला दुरुस्तीची संधी द्या, तीही लेखी. संधी नाकारली तर पुढे ती तुमच्या विरोधात जाते. जेवढं काम बरोबर झालं आहे त्याचे मापाप्रमाणे पैसे चुकते करा. त्याचं मिक्सर, फळ्या, शिडी अडवून ठेवायचा मोह होतो. ते करू नका, तक्रारदाराचा आरोपी व्हायला तेवढं पुरतं.

पोलिसात जाऊन काय होतं? वाईट काम हा दिवाणी वाद, असंच उत्तर बहुधा मिळतं आणि ते चूक नाही. सुरुवातीपासूनच फसवायचा इरादा दिसत असेल, म्हणजे खोटं नाव-पत्ता, एकाच पद्धतीने अनेकांची उचल घेऊन पळणं, खोटी बिलं, तर भारतीय न्याय संहितेतलं कलम ३१८ म्हणजे फसवणूक लागू शकतं.

फ्लॅट बिल्डरकडून घेतला असेल तर रस्ता वेगळा. रेरा म्हणजे बिल्डरांवरच्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. त्याची तक्रार महारेराकडे करतात.

ग्राहक आयोग

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहा, फुकट आहे. पण सुट्या गुत्तेदाराला तिचा फारसा धाक नसतो.

खरा दरवाजा जिल्हा ग्राहक आयोगाचा. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव, जिथे तुम्ही राहता तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, गुत्तेदार दुसरीकडचा असला तरी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'सेवे'त घरबांधणीचा स्पष्ट उल्लेख आहे. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगात चालतं. ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रार ऑनलाइनही करता येते. मुदत दोष उघड झाल्यापासून दोन वर्षांची. "बघू, पुढच्या पावसाळ्यात परत सांगू" म्हणत ती निघून जाते.

तक्रारीला करार, पैसे दिल्याचे पुरावे, फोटो, इंजिनिअरचा अहवाल, दुरुस्तीचं अंदाजपत्रक, पत्र आणि त्याची पोच जोडा. मागणी नेमकी आकड्यात करा: दुरुस्तीचा खर्च इतका, त्रासाची भरपाई इतकी, तक्रारीचा खर्च इतका. व्हॉट्सॲपचे संदेश पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून तो फोन फॉरमॅट करू नका, विकू नका. कायद्यात निकालाची मुदत तीन महिन्यांची आहे, प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, याची तयारी ठेवा. मधेच मध्यस्थीचा पर्याय येतो. गुत्तेदार निम्मी-अर्धी रक्कम परत द्यायला तयार असेल तर तो घेण्यात कमीपणा नाही.

निकाल विरोधात गेला तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं. गुत्तेदाराने अपील केलं तर त्याला आदेशातल्या रकमेपैकी निम्मी आधी भरावी लागते. आदेश पाळलाच नाही तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण या सगळ्यासाठी आयोगाची नोटीस त्याच्या दारात पोचावी लागते. फोनमध्ये फक्त 'पप्पू मिस्त्री फरशीवाले' एवढंच नाव आणि बंद पडलेला नंबर असेल तर पाकीट 'पत्ता अपूर्ण' असा शेरा घेऊन परत येतं. आधारची प्रत उचल देण्याच्या दिवशीच घ्यायची, ती यासाठी.